एकच प्रयोग, चार प्रयोगशाळा: सामाजिक वर्तनाच्या मेंदूसंशोधनात नव्याने येणाऱ्यांसाठी

बडोद्यातल्या मराठी घरात कुणी मेंदूवर संशोधन करायचं म्हटलं, की पहिला प्रश्न येतो, "मग बेंगळूरुला जाणार का?" जायचं असेल तर जरूर जा. पण आज तिथल्या निम्हान्स, आयआयएससी या संशोधन संस्थांबरोबर किंवा परदेशातल्या एखाद्या गटाबरोबर इथे राहूनही काम करता येतं, आणि तसं करणारे विद्यार्थी वाढत आहेत. त्यांना प्रयोग शिकवणारे भेटतात. चार संस्थांनी मिळून एक प्रयोग कसा करायचा, हे मात्र सहसा कुणी बसवून सांगत नाही.

हा लेख एम.एस्सी. संपवून किंवा पीएच.डी.च्या पहिल्या वर्षात अशा प्रकल्पात शिरणाऱ्यांसाठी आहे. तुम्ही प्राणिशास्त्रातून या, मानसशास्त्रातून या की मेडिकलमधून, फरक पडत नाही. सामाजिक वर्तन म्हणजे ओळख ठेवणं, जोडी जमणं, पिल्लं सांभाळणं, भांडण, कोण वरचढ आणि कोण दबून राहणार हे ठरणं, दुसरा घाबरलेला पाहून आपणही बिचकणं. या सगळ्यात मेंदूत काय चालतं ते शोधायचं असतं. एक गोष्ट आधीच सांगते: काय सगळीकडे सारखं ठेवायचं आणि काय वेगळं राहिलं तरी चालेल, हे पहिला प्राणी पिंजऱ्यातून बाहेर काढण्याआधी लिहून ठेवलं नसेल, तर पुढची दोन वर्षं त्यावर वाद घालण्यात जातात.

पहिली पायरी: दुसरी संस्था खरंच लागते का?

तीन कारणांसाठी लागते. पहिलं, आपल्याकडे नसलेलं कसब. प्रेअरी व्होल नावाचा उत्तर अमेरिकेतला उंदरासारखा छोटा प्राणी एकाच जोडीदाराशी घरोबा करतो. ऑक्सिटोसिन या संप्रेरकाचा मार्ग औषधाने अडवला तर ही जोडी नीट जमत नाही, असं अनेक वर्षं शिकवलं गेलं. २०२३ च्या जानेवारीत सॅन फ्रान्सिस्कोतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचे देवानंद मनोली आणि स्टॅनफर्डचे नीराव शाह यांच्या गटांनी मिळून ‘न्यूरॉन’ या नियतकालिकात वेगळंच दाखवलं. क्रिस्पर या जनुक कापण्याच्या तंत्राने ऑक्सिटोसिनचा ग्राहीच (पेशीवरचा तो संप्रेरक पकडणारा रेणू) काढून टाकलेल्या व्होलनीही जोड्या जमवल्या. माद्यांना पिल्लं झाली, त्यांनी ती पाजलीही, फक्त मोठी होईपर्यंत टिकलेली पिल्लं कमी होती. अशा कामाला जनुकात बदल करणारे हात लागतात आणि वर्तन वाचणारे डोळेही, आणि दोन्ही एकाच खोलीत सापडणं कठीण.

दुसरं कारण संख्या. स्वमग्नतेवरच्या ‘अबाइड’ या उपक्रमात १७ केंद्रांनी आपापली मेंदूची स्कॅन एकत्र करून २०१२ मध्ये सर्वांसाठी खुली केली. एकूण १,११२ व्यक्ती, त्यांतल्या ५३९ स्वमग्न. कुठल्याही एका रुग्णालयाला एवढे लोक जमवायला किती वर्षं लागतील ते बघा.

तिसरं कारण सर्वांत कमी सांगितलं जातं आणि मला ते सर्वांत महत्त्वाचं वाटतं: एका जागी दिसलेला परिणाम दुसऱ्या जागी दिसतो का, हे तपासणं. याबद्दल पुढे सविस्तर येईलच.

या तिन्हीपैकी एकही कारण नसेल आणि फक्त बायोडेटात मोठं नाव यावं म्हणून जोडीदार शोधत असाल, तर नका शोधू. पत्रव्यवहारातच दमून जाल.

दुसरी पायरी: जोडीदार गाठणं

आधी गावात बघा. विश्वामित्री नदीच्या एका बाजूला सयाजीराव विद्यापीठाची विज्ञान शाखा आहे, दुसऱ्या बाजूला मेडिकल कॉलेज आणि सयाजी हॉस्पिटल. प्राणी, रसायन, मानसशास्त्र आणि रुग्ण इतक्या जवळ असलेली गावं फार नाहीत. तरी कित्येकांना समोरच्या विभागात कोण काय करतं ते माहीत नसतं, आणि ते बेंगळूरुला मेल पाठवत बसतात. त्यानंतर गांधीनगरची आयआयटी, पुण्याची आयसर, मानेसरचं राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र, बेंगळूरुची निम्हान्स, आयआयएससी आणि एनसीबीएस हे जीवविज्ञानाचं केंद्र.

मेल पाठवण्याआधी आपल्या गाइडला विचारा. हे सांगावं लागू नये, पण सांगावं लागतं. मेल छोटा ठेवा, मागणी त्याहून छोटी. "तुमच्याबरोबर काम करण्याची इच्छा आहे" अशा मेलला उत्तर काय द्यायचं? त्यापेक्षा, समजा तुम्ही ट्यूब टेस्ट करता, म्हणजे अरुंद नळीत दोन उंदीर समोरासमोर सोडून कोण माघार घेतो ते बघता, तर असं लिहा: "आम्ही नर उंदरांच्या जोड्यांवर ट्यूब टेस्ट करतो. माघार कधी मोजायची, चारही पाय नळीबाहेर आल्यावर की आधी, यावर आमच्या दोन निरीक्षकांचं एकमत होत नाही. तुमच्या गटाची व्याख्या आणि दोन-तीन नमुना व्हिडिओ मिळतील का?" अशा मेलला उत्तर येतं, कारण ते पाच मिनिटांत देता येतं. सहकार्य बहुतेक वेळा अशा किरकोळ देवघेवीतूनच सुरू होतं. आपल्याकडूनही काहीतरी द्यायची तयारी ठेवा, निदान गुणांकन केलेले व्हिडिओ तरी.

तिसरी पायरी: कागद

दोन प्राध्यापकांची चहावर झालेली बोलणी म्हणजे करार नव्हे. सामंजस्य करारावर सही रजिस्ट्रार किंवा संचालक करतात, आणि ती फाइल विभाग, कायदा आणि हिशेब अशी फिरते. त्यात महिने जातात, तेव्हा वेळापत्रकात ते धरूनच चाला. प्राणी, ऊती, पेशीत जनुक पोचवायला वापरलेले विषाणू असं काही एका संस्थेतून दुसरीकडे जाणार असेल तर त्याचा मटेरियल ट्रान्स्फरचा करार वेगळा.

विद्यार्थी म्हणून तुम्हाला त्या फाइलपेक्षा एका साध्या पानाची गरज जास्त आहे. त्यावर लिहा: कच्चा डेटा कुणाकडे राहणार, दुसऱ्याला न विचारता तो वापरता येईल का, एखादा गट मध्येच बाहेर पडला तर त्याच्या डेटाचं काय, आणि लेखकांची नावं कशी लागणार. शेवटच्या मुद्द्यासाठी ‘क्रेडिट’ ही १४ भूमिकांची यादी चांगली कामी येते: कल्पना, पद्धत, सॉफ्टवेअर, प्रत्यक्ष प्रयोग, विश्लेषण, पहिला मसुदा, निधी वगैरे. प्रत्येकापुढे आजच नाव लिहा, सहा महिन्यांनी बदला. पेपर तयार झाल्यावर हा विषय काढणं म्हणजे लग्नाच्या मांडवात याद्या करायला बसणं.

चौथी पायरी: समित्या

प्राण्यांवर काम असेल तर संस्थेची सीसीएसईएकडे, म्हणजे प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय समितीकडे, नोंदणी हवी आणि संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी हवी. अर्जाला सगळे ‘फॉर्म बी’ म्हणतात. लक्षात ठेवायचं ते एवढंच, की बेंगळूरुच्या समितीची मंजुरी बडोद्याच्या प्राण्यांना लागू होत नाही. जिथे प्राणी, तिथली समिती. त्यामुळे चारही अर्जांत प्राण्यांची संख्या, भूल आणि शेवट कसा करायचा हे जुळलं पाहिजे. एका समितीने बदल सुचवला तर तो बाकी तिघांना त्याच आठवड्यात कळवा.

माणसांवरच्या कामासाठी आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं मुळातून वाचा. बहुकेंद्री अभ्यासाला एका मुख्य समितीने सर्वांसाठी तपासणी करण्याची सोय त्यात आहे, पण स्थानिक समितीची जबाबदारी संपत नाही. परदेशी निधी किंवा परदेशी सहकारी असतील तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची पायरीही येते. ही वाट लांब आहे, आणि मधल्या काळात ‘थोडंसं पायलट’ करून घेण्याचा मोह होतो. मंजुरीआधी एकही प्राणी, एकही माणूस नाही.

पाचवी पायरी: ‘सारखं’ म्हणजे किती सारखं?

खरं काम इथून सुरू होतं.

१९९९ मध्ये क्रॅब, वॉल्स्टेन आणि डुडेक यांनी ‘सायन्स’मध्ये एक प्रयोग छापला. पोर्टलंड, एडमंटन आणि ऑल्बनी इथल्या तीन प्रयोगशाळा, उंदरांचे तेच आठ वाण, त्याच सहा चाचण्या, तीच उपकरणं, एकाच वेळी सुरुवात. खाद्य, वय, प्रकाशाचं चक्र, सगळं जुळवलेलं. तरीही काही चाचण्यांचे निकाल प्रयोगशाळेगणिक वेगळे आले. एका ठिकाणच्या प्रयोगकर्त्याला उंदरांची ॲलर्जी असल्यामुळे तो श्वसनाचं यंत्र लावून काम करत होता, असली बारीक गोष्टसुद्धा त्या पेपरात सापडते. त्यानेच फरक पडला असं कुणी म्हणत नाही. पण हा पेपर वाचल्यावर आपल्या खोलीकडे पाहायची नजर बदलते.

उंदरांच्या सामाजिक चाचण्यांत काय काय बिघडवू शकतं ते बघा. २०१४ मध्ये मॅकगिल विद्यापीठातल्या जेफ्री मोगिल यांच्या गटाने दाखवलं, की पुरुष प्रयोगकर्त्याच्या वासानेही उंदरांना ताण येतो. नुसता पुरुषाने घातलेला टी-शर्ट जवळ ठेवला तरी पुरतं. २०१० मध्ये हर्स्ट आणि वेस्ट यांनी दाखवलं, की शेपटीला धरून उचललेले उंदीर जास्त चिंताग्रस्त होतात आणि नळीतून किंवा ओंजळीतून उचललेले कमी. म्हणजे बडोद्यात मुलगी नळीतून उंदीर उचलते आणि तिकडे मुलगा शेपटीने, तर चाचणीचं नाव एकच असलं तरी उंदराच्या दृष्टीने ते दोन वेगळे प्रयोग झाले.

आता उंदीर दुसऱ्या उंदराकडे किती ओढला जातो ते पाहणारी तीन कप्प्यांची चाचणी समोर धरा. मधल्या कप्प्यात उंदीर, एका बाजूला जाळीच्या पेल्याखाली अनोळखी उंदीर, दुसऱ्या बाजूला रिकामा पेला. आधी दहा मिनिटं सवय, मग दहा मिनिटं चाचणी. पाहायला इतकी सोपी, की नवखा विद्यार्थी पहिल्याच दिवशी करून मोकळा होतो. मग प्रश्न येतात. पेल्याच्या सळ्यांमधलं अंतर किती? अनोळखी उंदीर त्याच वयाचा आणि त्याच लिंगाचा आहे ना? पेल्याखाली बसायची सवय त्याला आदल्या दिवशी लावली का? हुंगणं कधी मोजायचं, नाक पेल्यापासून दोन सेंटिमीटरच्या आत आल्यावर की पेल्याला टेकल्यावर? पेल्यावर चढून बसला तर ते धरायचं की नाही? दोन उंदरांमध्ये पेटी कशाने पुसायची, आणि अल्कोहोलचा वास उडेपर्यंत किती थांबायचं? पिंजरा आदल्या दिवशी बदलला असेल तर सगळा ओळखीचा वास गेला आणि नरांमध्ये मारामारी वाढली, तेव्हा पिंजरे बदलायचा वारही ठरवा. उंदीर एकटा ठेवला होता की गटात, हे तर लिहायलाच हवं. एकटा राहिलेला उंदीर नव्या पाहुण्याला नुसता चिकटतो, आणि तुम्हाला वाटतं औषध लागू पडलं.

वाणाचं नाव अर्धवट लिहू नका. प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या काळ्या उंदरासाठी ‘ब्लॅक सिक्स’ एवढं पुरेसं नाही. जे आणि एन हे त्याचे दोन उपवाण जनुकांत वेगळे आहेत, आणि एन मध्ये डोळ्यांच्या पडद्याला बाधा आणणारं एक उत्परिवर्तन असतं.

आवाजाचं गणित आपल्या कानांवर सोडू नका. आपल्याला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं. उंदीर त्याच्या कितीतरी वर बोलतात आणि ऐकतात. रॅट, म्हणजे मोठ्या जातीचे उंदीर, भीतीच्या वेळी २२ आणि खेळताना ५० किलोहर्ट्झच्या आसपास आवाज काढतात. ट्यूबलाइटचा चोक, संगणकाचा पडदा, एसीचा कंट्रोलर यांतून निघणारी किणकिण आपल्याला शांतता वाटते, त्यांना नाही. वटवाघळांचा आवाज पकडणारं एखादं छोटं यंत्र मिळवा आणि खोलीत एकदा फिरवून बघा.

यावर बडोद्याची स्वतःची भर आहे. नवरात्रात नऊ रात्री गरबा, उत्तरायणाला गच्च्यागच्च्यांवर स्पीकर आणि पतंग काटल्याची "काप्यो छे" ही आरोळी, गणपतीत दांडिया बाजारापासून सूरसागर तलावापर्यंत ढोल. बाहेरगावच्या सहकाऱ्यांना याची कल्पना नसते. ते ऑक्टोबरात चाचण्या ठरवतात आणि आपण संकोचून "हो" म्हणतो. संकोचू नका. प्रकल्पाच्या कॅलेंडरमध्ये नवरात्र, उत्तरायण, विसर्जन आणि दिवाळी पहिल्याच बैठकीत खुणा करून टाका, आणि त्यांच्या गावचे असे दिवस कोणते तेही विचारून घ्या. उन्हाळ्यात वीज गेली तर प्रकाशाचा टायमर मागे पडतो. बॅटरी नसलेला टायमर वीज आल्यावर जिथे थांबला तिथून पुढे चालू होतो, आणि उंदरांची रात्र सरकते. दर सोमवारी टायमरवरची वेळ घड्याळाशी ताडून वहीत लिहायची, बस. हे काम कुणाचं तेही नावाने लिहा, नाहीतर ते कुणाचंच राहत नाही.

एवढं वाचून वाटेल, की सगळं घट्ट आवळून टाकावं. इथे माझं मत थोडं वेगळं आहे. सगळं एकसारखं केलं तर निकाल त्या एका साच्यापुरताच खरा ठरतो. २०१८ मध्ये फोल्कल, वुर्बेल आणि सहकाऱ्यांनी आधीच्या अभ्यासांचा डेटा वापरून दाखवलं, की प्राण्यांची एकूण संख्या तीच ठेवून काम दोन ते चार प्रयोगशाळांत वाटलं, तरी निकाल जास्त भरवशाचे येतात. उलट बाजूचं उदाहरणही आहे. इंटरनॅशनल ब्रेन लॅबोरेटरीने २०२१ मध्ये तीन देशांतल्या सात प्रयोगशाळांत १४० उंदरांना निर्णयाचं एकच काम शिकवलं आणि ५० लाख निवडी नोंदवल्या. तिथे उपकरण आणि सॉफ्टवेअर अगदी कडकपणे सारखं होतं.

म्हणून दोन याद्या करा. पहिल्या यादीत जे मोजायचं त्याच्याशी थेट भिडणारं सगळं: चाचणीची पेटी, व्याख्या, वेळ, हाताळणी, उपवाण. हे सारखंच. दुसऱ्या यादीत खाद्याची कंपनी, लाकडाचा भुसा, प्रयोगकर्ता कोण, खोलीचा आकार. हे वेगळं राहू द्या, पण प्रत्येक जागी काय होतं ते नोंदवा. एखादी गोष्ट कुठल्या यादीत टाकायची यावर भांडण झालं तर होऊ द्या. ते आत्ता झालेलं बरं.

सहावी पायरी: माणसांवर काम असेल तर

एमआरआय यंत्रं वेगवेगळी असतात, त्यामुळे तोच फँटम (यंत्र तपासायचा ठरावीक नमुना) आणि शक्य असेल तर तीच दोन-चार माणसं प्रत्येक केंद्रावर स्कॅन करून घ्या. केंद्रांतला फरक नंतर गणिताने काढायच्या पद्धती आहेत, पण एका केंद्रात सगळे रुग्ण आणि दुसऱ्यात सगळे निरोगी असतील तर कुठलंच गणित वाचवत नाही. संमतीपत्र बडोद्यात गुजराती, मराठी आणि हिंदीत लागतं. आणि सामाजिक आयुष्य मोजणारी प्रश्नावली परदेशातून जशीच्या तशी उचलू नका. "तुम्ही एकटे राहता का?" याला रावपुऱ्यातल्या वाड्यात आठ माणसांत राहणारी आजी "नाही" म्हणेल, आणि तिचा एकटेपणा तुमच्या हाती लागणार नाही.

सातवी पायरी: डेटा

फाइलच्या नावात केंद्र, प्राण्याचा क्रमांक, चाचणी आणि तारीख, याच क्रमाने. तारीख वर्षापासून सुरू करा. ०३/०४ म्हणजे आपल्याकडे ३ एप्रिल आणि अमेरिकेत ४ मार्च, आणि ही चूक सापडते तेव्हा फार उशीर झालेला असतो. ‘फायनल’, ‘नवीन फायनल’ अशा नावांवर बंदी घाला. मेंदूच्या प्रतिमांसाठी २०१६ पासून बिड्स ही मांडणी प्रचलित आहे. स्वतःची मांडणी शोधू नका, तीच वापरा.

व्हिडिओ आणि मेंदूतल्या नोंदी जुळवायच्या असतील तर चौकटीच्या कोपऱ्यात एक एलईडी लावा आणि तो यादृच्छिक अंतराने चमकू द्या. सारख्या अंतराने चमकवला तर एक चमक निसटली तरी पत्ता लागत नाही.

हल्ली प्राण्यांच्या शरीराचे बिंदू आपोआप ओळखायला डीपलॅबकट किंवा स्लीप (SLEAP) ही सॉफ्टवेअर वापरतात. दोन्ही मोफत आहेत. फक्त एका केंद्राच्या व्हिडिओवर शिकवलेलं मॉडेल दुसऱ्या केंद्राच्या उजेडात गडबडतं, आणि एकमेकांवर चढलेल्या दोन काळ्या उंदरांची अदलाबदल करतं. शिकवायला सगळ्या केंद्रांच्या चौकटी घ्या आणि काही व्हिडिओ हाताने तपासा. हाताने गुण देणाऱ्यांना प्राणी कुठल्या गटातला ते कळता कामा नये. सुरुवातीला आणि मध्ये पुन्हा एकदा, चारही केंद्रांच्या निरीक्षकांना तेच दहा व्हिडिओ द्या. मधली फेरी बहुतेक जण गाळतात, आणि व्याख्या हळूहळू सरकतात त्या याच काळात.

आठवी पायरी: हिशेब

सामाजिक वर्तनाच्या संख्याशास्त्रात एक खड्डा ठरलेला आहे. दोन उंदीर एकमेकांना हुंगत असतील तर ते स्वतंत्र नाहीत. वीस जोड्या म्हणजे वीस निरीक्षणं, चाळीस नव्हेत. तसंच एका पिंजऱ्यातले भाऊही पूर्ण स्वतंत्र नसतात. केंद्र, पिंजरा, जोडी, प्राणी असे थर विश्लेषणात धरावे लागतात, आणि ते ठरवायला संख्याशास्त्र जाणणारा माणूस पहिल्या दिवसापासून हवा. आकडे हातात आल्यावर त्याच्याकडे धावलात, तर तो फक्त हळहळू शकतो. विश्लेषणाचा आराखडा प्रयोगाआधी नोंदवून ठेवलात तर नंतर "हा उंदीर का वगळला" याला उत्तर असतं.

केंद्रांचे निकाल जुळले नाहीत तर लगेच कुणाची चूक शोधायला लागू नका. दुसरी यादी काढा आणि बघा, कुठे काय वेगळं होतं. कधीकधी पेपरातली सर्वांत चांगली आकृती तिथूनच निघते.

नववी पायरी: बैठका आणि निरोप

पंधरा दिवसांतून एक ऑनलाइन बैठक पुरे, पण बैठकीनंतर कुणी काय करायचं ते तीन ओळींत सगळ्यांना गेलं पाहिजे. हे काम नवख्याने हौसेने घ्यावं. टिपण लिहिणाऱ्याला सगळा प्रकल्प कळतो. बैठकीत प्राध्यापकच बोलत असतील तर विद्यार्थ्यांचा वेगळा गट करा. पेल्याच्या सळ्या वाकल्या आहेत, कॅमेऱ्याची बॅटरी फुगली आहे, या गोष्टी तिथेच बाहेर येतात. वर्षातून एकदा तरी एका केंद्राच्या विद्यार्थ्याने दुसऱ्या केंद्रात जाऊन दोन दिवस नुसतं बघावं. गांधीनगर सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्याइतकं जवळ आहे, बेंगळूरुसाठी तिकिटाचा खर्च प्रस्तावात आधीच घाला.

आणि जाताना. विद्यार्थी जातात, प्रकल्प राहतात. शेवटच्या महिन्यात तुमच्या वह्यांची स्कॅन, फाइलींची यादी, कोडची शेवटची चालती प्रत आणि शिल्लक प्राण्यांची नोंद एका फोल्डरमध्ये ठेवा, आणि पुढच्या विद्यार्थ्याकडून तुमच्यासमोर एक विश्लेषण पहिल्यापासून चालवून घ्या. तो जिथे अडेल तिथे एक ओळ लिहा.